दोन धावपटू, एक चेंडू : फॅण्टसी फुटबॉलमधील वाटणीचे गणित

२०२३ च्या हंगामात डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघातील दोन रनिंग बॅकच्या हाती चेंडू आला तो जवळजवळ सारख्याच वेळा. डेव्हिड मॉन्टगोमेरीच्या हाती २३५ वेळा आणि जाहमिर गिब्सच्या हाती २३४ वेळा. एकाच संघात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, तेच सहकारी पुढे वाट मोकळी करून देत असताना झालेली इतकी समसमान वाटणी क्वचितच पाहायला मिळते. मात्र त्या वर्षी ज्यांनी आपल्या कागदावरच्या संघात गिब्सला घेतले आणि ज्यांनी मॉन्टगोमेरीला घेतले, त्यांना मिळालेले फळ सारखे नव्हते. काहींच्या लीगमध्ये गिब्स स्पष्टपणे सरस ठरला, तर काहींच्या लीगमध्ये मॉन्टगोमेरी. खेळाडू तेच, सामने तेच. बदलला होता तो फक्त हिशेबाचा नियम.

हा हिशेब म्हणजे फॅण्टसी फुटबॉल. भारतीय वाचकाला ‘फॅण्टसी’ या शब्दाने आठवतात ती क्रिकेटच्या सामन्याआधी मोबाइलवर जुळवली जाणारी अकरा नावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘ड्रीम इलेव्हन’सारख्या कंपन्यांनी आपल्या सशुल्क स्पर्धा थांबवल्या, तोपर्यंत हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोहोचला होता. अमेरिकन फुटबॉलमधला मूळ प्रकार मात्र बराच निराळा आहे. तेथे दहा-बारा मित्र किंवा कचेरीतील सहकारी मिळून एक लीग करतात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून खेळाडू निवडतात. एकाने निवडलेला खेळाडू त्या लीगमध्ये दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. पुढचे चार महिने दर आठवड्याला एकाचा संघ दुसऱ्याच्या संघाशी भिडतो. खेळाडूंनी प्रत्यक्ष मैदानावर जे केले त्याचे गुण मांडले जातात आणि हंगामाच्या शेवटी एकच विजेता उरतो.

या खेळाची सुरुवात १९६२ सालची. ओकलंड रेडर्स या संघाच्या मालकीत भागीदार असलेले बिल विंकनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कच्या दौऱ्यावर असताना तेथील हॉटेलात ही कल्पना आकाराला आली आणि १९६३ मध्ये ओकलंडला पहिली निवड पार पडली. आज न्यू जर्सी, शिकागो किंवा खुद्द डेट्रॉइटच्या परिसरात नोकरीनिमित्त गेलेली मराठी मंडळीही सहकाऱ्यांच्या आग्रहाखातर अशा लीगमध्ये ओढली जातात. पहिल्या निवडीच्या वेळी त्यांना हमखास छळणारा प्रश्न एकच असतो. एका संघात दोन रनिंग बॅक काम वाटून घेत असतील, तर त्यांपैकी घ्यायचा कोणाला?

रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या मागे उभा राहणारा, त्याच्या हातून चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसणारा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. ते साधले की पुन्हा चार. असे करत करत शंभर यार्डांच्या मैदानाच्या टोकाची गोलरेषा ओलांडली की टचडाउन. रनिंग बॅक हे सारे दोन प्रकारांनी करतो. एक, हातात दिलेला चेंडू घेऊन धावणे. दुसरा, क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलून धावणे. फॅण्टसीचा जुना, साधा नियम या दोहोंत भेद करत नाही. दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा गुण, मग तो धावून केलेला असो वा झेलून. पुढे रूढ झालेल्या ‘पीपीआर’ या नियमात मात्र प्रत्येक झेलाला आणखी एक गुण मिळतो. काही लीग मधला मार्ग काढून झेलाला अर्धा गुण देतात.

हा एक गुण दिसायला किरकोळ आहे, पण तोच सगळा बाजारभाव बदलतो. २०२३ मध्ये मॉन्टगोमेरीने दर धावेमागे सरासरी ४.६ यार्ड मिळवले, म्हणजे धावेला अर्ध्या गुणाहूनही थोडे कमी. गिब्सचा एक झेल त्याला सरासरी सहा यार्ड देत होता; त्यात झेलाचा एक गुण मिळवला की झाले १.६ गुण. याचा अर्थ असा की, तगड्या बचावपटूंच्या घोळक्यात साडेतीन वेळा अंग झोकून देऊन मॉन्टगोमेरीने जे कमवावे, ते गिब्सने मोकळ्या जागेत एक सोपा झेल घेऊन कमवावे. फुटबॉलच्या दृष्टीने हे न्याय्य आहे काय, असा प्रश्न जुन्या वळणाचे लोक अजूनही विचारतात. तो वाद रास्त असला, तरी ज्या लीगमध्ये खेळायचे तिचा नियम आधी वाचावा हे बरे.

आता २०२३ चा ताळेबंद पाहू. गिब्सने १८२ धावांत ९४५ यार्ड आणि १० टचडाउन केले, ५२ झेल घेऊन आणखी ३१६ यार्ड व एक टचडाउन मिळवला. मॉन्टगोमेरीने २१९ धावांत १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. झेल मात्र अवघे १६, यार्ड ११७. हातून चेंडू सुटल्याबद्दल वजा होणारे गुण बाजूला ठेवले, तर जुन्या नियमाने गिब्सचे होतात १९२.१ गुण आणि मॉन्टगोमेरीचे १९१.२. सबंध हंगामात फरक एका गुणाहूनही कमी! पीपीआरच्या नियमाने मात्र गिब्स २४४.१ वर जातो आणि मॉन्टगोमेरी २०७.२ वर थांबतो.

एवढ्यावरच हिशेब संपत नाही. गिब्स त्या हंगामात १५ सामने खेळला, मॉन्टगोमेरी १४. फॅण्टसीत दर आठवड्याची लढत स्वतंत्र असल्याने, जखमी खेळाडूच्या जागी त्या आठवड्यापुरता दुसरा कोणी खेळवता येतो. म्हणून हंगामाच्या बेरजेपेक्षा सामन्यामागची सरासरी अधिक बोलकी. जुन्या नियमाने मॉन्टगोमेरीची सरासरी १३.७ आणि गिब्सची १२.८, म्हणजे मॉन्टगोमेरी वरचढ. पीपीआरमध्ये गिब्स १६.३ आणि मॉन्टगोमेरी १४.८, म्हणजे पारडे उलटे. ‘या दोघांत चांगला कोण’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘कोणत्या नियमाने’ हे आधी सांगावे लागते.

त्यातही किंमत हा भाग उरतोच. फॅण्टसीतील निवड सर्पाकृती असते. पहिल्या फेरीत ज्याचा क्रमांक शेवटचा, त्याचा दुसऱ्या फेरीत पहिला. प्रत्येक खेळाडूसाठी मोजावी लागणारी किंमत म्हणजे त्याच्यासाठी खर्च केलेली फेरी. २०२३ च्या वसंतात लायन्सने गिब्सला महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत बाराव्या क्रमांकावर घेतले होते. रनिंग बॅकसाठी इतका वरचा क्रमांक खर्च करणे अलीकडे दुर्मीळ झाल्याने त्याच्या नावाभोवती वलय निर्माण झाले. मॉन्टगोमेरी शिकागो बेअर्सकडून तीन वर्षांच्या, एक कोटी ८० लाख डॉलरच्या करारावर आलेला, कष्टाळू पण चमक नसलेला खेळाडू मानला जात होता. साहजिकच फॅण्टसीच्या निवडीत गिब्स मॉन्टगोमेरीच्या कितीतरी आधी उचलला गेला. वरचे आकडे या किमतीसमोर ठेवले, म्हणजे त्या वर्षी खरा फायद्याचा सौदा कोणाचा झाला हे वेगळे सांगायला नको.

हंगाम सुरू झाला तेव्हा तर गिब्सचे मालक हवालदिलच झाले. ७ सप्टेंबर २०२३ रोजी विजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात लायन्सने २१-२० असा विजय मिळवला. त्यात मॉन्टगोमेरीच्या वाट्याला २१ धावा आणि विजयी टचडाउन आला. गिब्सच्या वाट्याला फक्त सात धावा. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ग्रीन बेच्या मैदानावर मॉन्टगोमेरीने ३२ वेळा चेंडू नेला, १२१ यार्ड मिळवले आणि तीन टचडाउन केले. त्या रात्री गिब्सने आठ धावांत ४० यार्ड केले. आकडा वाईट नव्हता, पण आठ धावांवर कोणाचा आठवडा निघत नाही.

पुढे मॉन्टगोमेरीच्या बरगड्यांना दुखापत झाली आणि चित्र पालटले. तो नसताना बॉल्टिमोरविरुद्ध गिब्सने ६८ यार्ड धाव, नऊ झेल आणि एक टचडाउन अशी कामगिरी केली. त्यानंतरच्या सामन्यात रेडर्सविरुद्ध २६ धावांत १५२ यार्ड, एक टचडाउन व पाच झेल. पीपीआरच्या हिशेबाने दोन आठवड्यांत ५७ हून अधिक गुण. फॅण्टसीतील जाणकार ज्याला सुप्त मूल्य म्हणतात ते हेच. वाटणीतला एक जण बाहेर पडला की उरलेल्याचे काय होते, हे निवड करताना मनात धरावे लागते. अर्थात हा नियमही आंधळेपणाने लावता येत नाही. त्याआधी तिसऱ्या आठवड्यात अटलांटाविरुद्धही मॉन्टगोमेरी नव्हताच, आणि गिब्सने १७ धावांत ८० यार्ड करूनही टचडाउनविना घरी जावे लागले होते.

खरी गंमत झाली ती मॉन्टगोमेरी परतल्यावर. गिब्सला आता संघ मागे ढकलणार, अशी भीती त्याच्या मालकांना वाटत होती. १२ नोव्हेंबरला चार्जर्सविरुद्धच्या ४१-३८ अशा सामन्यात मॉन्टगोमेरीने १२ धावांत ११६ यार्ड आणि एक टचडाउन केला, तर गिब्सने १४ धावांत ७७ यार्ड आणि दोन टचडाउन. दोघेही आपापल्या मालकांना तारून गेले. एकाच चेंडूवर दोघांचे पोट भरू शकते, हे त्या दिवशी पुरते स्पष्ट झाले.

हे कसे घडते, हे समजून घ्यायचे तर एक वर्ष मागे जावे लागते. २०२२ मध्ये याच लायन्स संघात जमाल विल्यम्स आणि डीआंड्रे स्विफ्ट ही जोडी होती. स्विफ्ट चपळ, झेल घेण्यात तरबेज. विल्यम्स अंगापिंडाने दणकट, गोलरेषेजवळ उपयोगी. त्या वर्षी विल्यम्सने १७ धाव-टचडाउन केले. सबंध लीगमध्ये सर्वाधिक. स्विफ्टला धावून करता आले पाच. हंगाम संपल्यावर दोघेही गेले. विल्यम्सने न्यू ऑर्लिन्स सेंट्सशी करार केला, स्विफ्टची फिलाडेल्फियाला पाठवणी झाली. त्यांच्या जागी आले मॉन्टगोमेरी आणि गिब्स. पुढच्या वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये विल्यम्सने किती टचडाउन करावेत? फक्त एक. आणि त्याच्या जागेवर बसलेल्या मॉन्टगोमेरीने? तेरा.

विल्यम्स एका वर्षात धावणे विसरला होता, असे कोणी म्हणणार नाही. सतरा टचडाउन हे जितके त्याचे होते, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या जागेचे होते. पेनेई सेवेल, फ्रँक रॅग्नो, टेलर डेकर यांच्यासारखे बलदंड खेळाडू पुढे वाट करून देत होते; संघ वारंवार गोलरेषेपर्यंत पोहोचत होता; आणि तेथे पोहोचल्यावर फेकाफेक न करता चेंडू दणकट गड्याच्या हाती द्यायचा, ही प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल व आक्रमणाची आखणी करणारे बेन जॉन्सन यांची पद्धत होती. हीच गोष्ट स्विफ्टच्या बाजूने पाहा. २०२३ मध्ये फिलाडेल्फियात त्याला मोठी जबाबदारी मिळाली, १,०४९ यार्ड झाले, पण धावून केलेले टचडाउन पाचच्या पुढे गेले नाहीत. कारण तेथे गोलरेषेजवळचे काम क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतःच करत असे. मागून सहकाऱ्यांनी रेटायचे आणि त्याने पुढे घुसायचे. हर्ट्सच्या नावावर त्या वर्षी धावून केलेले १५ टचडाउन लागले. सत्तर यार्ड धावत येणाऱ्याला गुण सात आणि शेवटचा एक यार्ड पार करणाऱ्याला सहा, असा हा खेळ असल्याने, तो एक यार्ड कोणाच्या मालकीचा आहे याची चौकशी आधी करावी लागते. सारा डाव एकाने उभारावा आणि विजयी फटका दुसऱ्याने मारून टाळ्या घ्याव्यात, हे क्रिकेटच्या प्रेक्षकाला नवे नाही. फॅण्टसीत मात्र त्या टाळ्यांचे रोख गुण मिळतात. गोलरेषेवर येऊन दुसऱ्याच्या कष्टाचे टचडाउन नेणाऱ्याला फॅण्टसीच्या बोलीत गिधाडच म्हणतात.

म्हणूनच दोन रनिंग बॅकची तुलना करताना वेग, वजन, नाव यांआधी पाहायचे ते त्यांच्याकडे सोपवलेले काम. गोलरेषेजवळ मैदानात कोण असतो? तिसऱ्या संधीला, जेव्हा फेक होणार हे सगळ्यांना ठाऊक असते, तेव्हा कोण थांबतो? संघ पिछाडीवर पडला की धावणे बंद होऊन फेक वाढते. त्या वेळी कोणाला बाहेर बसवले जाते? बलाढ्य संघाचा दणकट गडी आघाडीवर असताना चेंडू नेऊन घड्याळ संपवतो, म्हणून त्याला भरपूर धावा मिळतात. तोच गडी दुबळ्या संघात गेला, की दुसऱ्या सत्रात तो बाकावर दिसू लागतो.

कॅम्पबेल यांना ही दुहेरी पद्धत परकी नव्हती. लायन्सची सूत्रे २०२१ मध्ये हाती घेण्यापूर्वी ते न्यू ऑर्लिन्समध्ये शॉन पेटन यांचे साहाय्यक होते आणि तेथे २०१७ मध्ये जे घडले ते त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. त्या वर्षी सेंट्सकडे मार्क इंग्रॅम हा मुरलेला रनिंग बॅक होता. प्रसिद्ध एड्रियन पीटरसनलाही आणलेले होते. त्यांच्या मागे तिसऱ्या फेरीत निवडलेला अल्विन कमारा नावाचा नवखा पोरगा. ऑक्टोबरमध्ये पीटरसनला ॲरिझोनाकडे धाडण्यात आले आणि उरलेल्या दोघांनी इतिहास घडवला. इंग्रॅमने धाव व झेल मिळून १,५४० यार्ड केले, कमाराने १,५५४. एकाच संघातील दोन रनिंग बॅकनी एकाच हंगामात प्रत्येकी दीड हजार यार्ड ओलांडण्याची ती पहिली वेळ होती.

फॅण्टसीच्या दृष्टीने त्या जोडीचे आकडे डेट्रॉइटच्या जोडीहूनही अधिक शिकवणारे आहेत. इंग्रॅमच्या हाती चेंडू आला २८८ वेळा : २३० धावा, ५८ झेल. कमाराच्या हाती २०१ वेळा : १२० धावा, ८१ झेल. तब्बल ८७ वेळा अधिक राबूनही इंग्रॅम मागे राहिला. आक्रमणातील यार्ड व टचडाउन यांचेच गुण धरले, तर जुन्या नियमाने कमाराचे २३३.४ आणि इंग्रॅमचे २२६, पीपीआरमध्ये ३१४.४ आणि २८४. कमाराची दर धावेची सरासरी सहा यार्डांहून अधिक होती, जी कोणत्याही रनिंग बॅकसाठी असाधारण म्हणावी लागेल. त्याच्या ८१ झेलांनी ८२६ यार्ड आणि पाच टचडाउन दिले. इंग्रॅमने १२ टचडाउन केले ते सगळे धावून.

तरीही येथे एक सावधगिरी हवी. इतकी सरासरी दुसऱ्या वर्षी टिकत नाही, हे अनुभवी खेळाडू जाणतात, आणि २०१८ मध्ये कमाराच्या बाबतीत तसे झालेही. दर धावेमागचे त्याचे यार्ड साडेचारच्या आसपास उतरले. पण त्याच वर्षी इंग्रॅमवर चार सामन्यांची बंदी असल्याने आरंभीचे सारे काम कमाराकडे आले. अटलांटाविरुद्ध १५ झेल, पुढच्याच आठवड्यात जायंट्सविरुद्ध १३४ यार्ड आणि तीन टचडाउन. पाचव्या आठवड्यात इंग्रॅम परतला. ड्रू ब्रीसने फेकीच्या यार्डांचा सार्वकालिक विक्रम मोडला ती हीच सोमवारची रात्र. इंग्रॅमने त्या रात्री दोन टचडाउन केले आणि कमाराच्या मालकांनी कपाळाला हात लावला. हंगाम संपला तेव्हा मात्र कमाराच्या नावावर १८ टचडाउन होते. सरासरी घसरली तरी गोलरेषेजवळचे काम वाढले होते, आणि झेल? पुन्हा ८१ च. २०१९ मध्येही ८१. काही गोष्टी दरवर्षी बदलतात, काही बदलत नाहीत. धावेमागचे यार्ड पहिल्या जातीचे, झेलांची संख्या बरीचशी दुसऱ्या जातीची. दोघांत निवड करताना दुसऱ्या जातीच्या आकड्यावर अधिक भरवसा ठेवणे शहाणपणाचे.

टचडाउनवर विसंबणाऱ्या खेळाडूची आणखी एक अडचण असते. साठ यार्ड आणि एक टचडाउन म्हणजे बारा गुण. तेच साठ यार्ड टचडाउनविना म्हणजे सहा. एका यार्डाच्या दैवयोगाने आठवडा हातचा जाऊ शकतो. झेल घेणाऱ्याला तळाशी एक आधार असतो. पाच झेल आणि तीस यार्ड एवढे झाले तरी धावेचा हिशेब उघडण्याआधीच आठ गुण जमा. आठवड्यागणिक लढत असलेल्या खेळात हा आधार मोलाचा ठरतो. निदान बलवान संघाच्या मालकाला तरी. ज्याचा संघ दुबळा आहे आणि ज्याला चमत्काराचीच गरज आहे, त्याने तीन टचडाउनची शक्यता असलेला गडी घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

डेट्रॉइटची कहाणी २०२४ मध्ये वेगळ्या वळणावर गेली. पहिल्या वर्षी आखलेली कामाची विभागणी ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हती. गिब्सने २५० धावांत १,४१२ यार्ड आणि १६ टचडाउन केले, म्हणजे गोलरेषेजवळही आता तो दिसू लागला. मॉन्टगोमेरी, ज्याला झेल जमत नाहीत असे धरले जात होते, त्याने ३६ झेल घेतले. आधीच्या वर्षीपेक्षा दुपटीहून अधिक. पीपीआरच्या हिशेबाने गिब्सची सामन्यामागची सरासरी १६.३ वरून २१.५ वर गेली. यात मॉन्टगोमेरीचे नुकसान झाले असेल असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात त्याची सरासरीही १४.८ वरून १५.७ झाली.

एकाचे वाढले आणि दुसऱ्याचे घटले नाही, हे कसे? उत्तर संघाच्या धावफलकात आहे. २०२३ मध्ये लायन्सने ४६१ गुण केले होते. २०२४ मध्ये ५६४, लीगमध्ये सर्वाधिक. वाटणीच्या तक्रारी करण्यापूर्वी मुळात भाकरी केवढी आहे ते पाहावे. त्या एका वर्षात या दोघांनी मिळून धावून २८ टचडाउन केले. एखाद्या दरिद्री आक्रमणाचा एकटा, सर्वेसर्वा रनिंग बॅक घेण्यापेक्षा श्रीमंत घरचा अर्धा वाटेकरी घेणे परवडते, हा धडा अनेक मालक याच जोडीमुळे शिकले. लायन्सनेही मॉन्टगोमेरीला दुय्यम मानले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा करार आणखी दोन वर्षांसाठी, एक कोटी ८२ लाख ५० हजार डॉलरला वाढवण्यात आला. संघ पैसा कोठे घालतो, याकडे लक्ष ठेवणे हे तज्ज्ञांची दहा भाकिते वाचण्यापेक्षा उपयुक्त असते.

दोघांनाही एकाच मालकाने घ्यावे काय, असा प्रश्न पुष्कळदा निघतो. एक जखमी झाला तर दुसरा आहेच, हा विमा त्यात मिळतो खरा. पण एरवीच्या आठवड्यांत एकाचा टचडाउन म्हणजे दुसऱ्याची हुकलेली संधी; शिवाय संघाच्या विश्रांतीच्या आठवड्यात दोन्ही जागा एकदम रिकाम्या पडतात. डेट्रॉइटसारखे सढळ आक्रमण असेल तर हे चालून जाते. इतरत्र दोन उत्तम फेऱ्या एकाच टोपलीत घालणे महागात पडते.

डिसेंबर २०२४ मध्ये बफेलोविरुद्धच्या सामन्यात मॉन्टगोमेरीच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि नियमित हंगामाचे उरलेले तीन सामने गिब्स एकटाच खेळला. शिकागोविरुद्ध १०९ यार्ड, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ११७ यार्ड, दोन्हींत टचडाउन. ज्यांनी त्याला पहिल्या-दुसऱ्या फेरीत घेऊन सप्टेंबरपासून वाटणी सोसली, त्यांना नेमक्या निर्णायक आठवड्यांत पूर्ण भाकरी मिळाली. ५ जानेवारी २०२५ रोजी शेवटच्या, अठराव्या आठवड्यात मिनेसोटाविरुद्ध तर गिब्सने १३९ यार्ड धावून, पाच झेल घेऊन चार टचडाउन केले. पीपीआरचे ४६ गुण. परंतु बहुतेक लीगचा अंतिम सामना सतराव्या आठवड्यात संपलेला असतो, त्यामुळे ते ४६ गुण कोणाच्याच खात्यात जमा झाले नाहीत.

कमाराच्या मालकांचे नशीब या बाबतीत थोर. २०२० मध्ये हंगाम एका आठवड्याने लहान होता आणि अंतिम लढती सोळाव्या आठवड्यात होत असत. त्या आठवड्यात, नाताळच्या दिवशी, लॅटेव्हियस मरे हा नवा वाटेकरी संघात असतानाही कमाराने मिनेसोटाविरुद्ध धावून सहा टचडाउन केले आणि १९२९ पासून अर्नी नेव्हर्सच्या नावावर असलेल्या विक्रमाची बरोबरी साधली. तीन झेलांसह पीपीआरचे ५६.२ गुण, आणि ते सगळे मोजले गेले.